मतपेटीचे पंचांग

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात राहतो, असे सांगितले की मित्र थट्टा करतात. पुराणातल्या इंद्राची खोड सर्वांना ठाऊक आहे. कुणी तप मांडले की त्याचे आसन डळमळू लागते. आमच्या इंद्रलोकात अप्सरा नाहीत. आहेत त्या इमारती, आणि त्यांत कोकणातून, गुजरातेतून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे. मात्र निवडणूक जवळ आली की इथेही आसने डळमळतात आणि ‘बाहेरचा कोण?’ हा प्रश्न सभेसभेतून गाजू लागतो. निकाल लागला की गरज सरो, वैद्य मरो!

मित्रहो, हा प्रश्न आपल्याच वयाचा आहे. 1955 च्या मूळ नागरिकत्व कायद्याने या भूमीवर जन्मलेले मूल बहुधा नागरिक ठरे. 1 जुलै 1987 पासून आईवडिलांपैकी एक जण भारतीय असणे आवश्यक झाले. 3 डिसेंबर 2004 पासून दोघांपैकी एक जरी बेकायदा स्थलांतरित असला, तरी मूल येथे जन्मूनही नागरिक ठरत नाही. ही दुरुस्ती वाजपेयी सरकारच्या काळात संमत झाली आणि मनमोहन सिंग सरकारच्या काळात अमलात आली. तेव्हा कोणत्याही मोठ्या पक्षाने हात झटकू नयेत. त्या तारखेनंतर जन्मलेली पहिली मुले 2022 च्या डिसेंबरात अठरा वर्षांची झाली. म्हणजे या कायद्याची पहिली पिढी आज महाविद्यालयाच्या वयाची आहे.

या मुलांचे भवितव्य कोणत्या पंचांगावर ठरते ते पाहावे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर 2019 मध्ये संमत झाला. त्याचे नियम चार वर्षे अडून राहिले. ते निघाले 11 मार्च 2024 रोजी, आणि पाचच दिवसांनी लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला! अमेरिकेतही तेच. लहानपणी आणलेल्या, कागदपत्रे नसलेल्या तरुणांना ओबामा सरकारने 15 जून 2012 रोजी हद्दपारीपासून तात्पुरते अभय दिले. नोव्हेंबरात त्यांची फेरनिवडणूक होती. 2014 मध्ये त्याच सरकारने पुढचा निर्णय संसदेच्या निवडणुका होईपर्यंत लांबणीवर टाकला. 2017 मध्ये ट्रम्प सरकारने ते अभय मागे घेतले, आणि 2020 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मागे घेण्याची ती रीत बेकायदा ठरवली. या तरुणांसाठीचे विधेयक तेथे 2001 पासून पडून आहे. देणाराही मुहूर्त पाहतो आणि काढून घेणाराही.

मुहूर्ताच्या घाईत तपास कसा होणार? 1998 च्या जुलैत मुंबईहून ‘बांगलादेशी’ म्हणून नेल्या जाणाऱ्या बंगाली कारागिरांना उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडीतून सोडवले. आमच्या मीरा रोडला जून 2025 मध्ये पकडलेल्या पश्चिम बंगालच्या एका मजुराला सीमेपलीकडे ढकलण्यात आले. तो भारतीय निघाल्याने त्याला काही दिवसांतच परत आणावे लागले. बोली हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे मराठी माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये. परप्रांतांत आपलेही लोक मराठीच बोलतात.

सीमा राखणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. खोटे दाखले विकणाऱ्या दलालांना शिक्षा झाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु कडेवर बसून आलेल्या मुलाने कोणती सीमा ओलांडली? येथेच जन्मलेल्या मुलाने तर एक पाऊलही टाकलेले नसते. बापाच्या अपराधासाठी मुलाला दंड, हा न्याय आपण अन्य कोणत्या गुन्ह्यात मानतो?

यावर तोडगा आपल्याच कायद्यात सापडतो. 15 ऑगस्ट 1985 च्या आसाम करारानुसार 1966 ते 24 मार्च 1971 या काळात आलेल्यांची परकीय म्हणून नोंद करायची, त्यांना दहा वर्षे मताचा हक्क नाही, बाकीचे हक्क मात्र नागरिकासारखे, आणि पुढे पूर्ण नागरिकत्व, अशी व्यवस्था झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. बालपणापासून येथे वाढलेल्या, येथेच शाळा शिकलेल्या मुलांना असेच का देऊ नये? धर्म न विचारता, प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करून आधी राहण्याचा, शिकण्याचा व काम करण्याचा परवाना द्यावा. मताचा हक्क दहा वर्षांनी. मतच नसेल तर एका पक्षाला मतपेढीचा मोह उरणार नाही, आणि दुसऱ्याला तिची भीती दाखवता येणार नाही.

आमच्या महापालिकेचे मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका ठरल्या वेळी झाल्या, तर त्या 2029 मध्ये येतील. ढोलताशे थांबलेले असतानाच असा विचार होऊ शकतो. आपण मतदार झालो आहोत. आपल्या आमदार-खासदारांना आताच पत्रे लिहावीत, महाविद्यालयात यावर परिसंवाद घ्यावा, आणि प्राध्यापकांनी त्याचे अध्यक्षस्थान स्वीकारावे. प्रचाराच्या गाड्या फिरू लागल्यावर हे कुणाला ऐकू जाणार नाही.