खाच बुजली, नावे उरली

आजचा धागा राजेरजवाड्यांचा नाही. मोटारीच्या डॅशबोर्डवर एके काळी असलेल्या एका आयताकृती खाचेचा आहे : रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. नाकामिची, बेकर, ब्लाउपुंक्ट ही कार-ऑडिओतील मातब्बर नावे मोबाइलमुळे मावळली, असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते त्यांचा घात मोबाइलने नव्हे, ही खाच बुजवली जाण्याने केला.

१९३२ साली ब्लाउपुंक्टचा ‘ऑटोसुपर एएस ५’ हा युरोपातील पहिला कार रेडिओ आला. किंमत ४६५ राइशमार्क, म्हणजे लहान मोटारीच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश. पेटी इतकी अवजड की ती चालकाच्या हाताशी मावेना. म्हणून तिचे नियंत्रण स्टिअरिंगच्या दांड्यावर आणावे लागले. (ब्लाउपुंक्ट म्हणजे निळा ठिपका. चाचणीत उतरलेल्या हेडफोनवर कारखाना तो लावत असे. पुढे खूणच कंपनीचे नाव झाली.) १९५३मध्ये बेकरचा ‘मेक्सिको’ आला आणि स्टेशन आपोआप शोधू लागला. हे सारे धनिकांचे कौतुक होते.

चित्र पालटले ते मापामुळे. डिन या जर्मन मानक संस्थेने रेडिओच्या खाचेचे माप ठरवले आणि १९८४ साली ते ‘आयएसओ ७७३६’ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा रुक्ष तपशिलापाशी थांबायला हवे. मोटार कोणत्याही कंपनीची असो, तिच्यात दुसऱ्या कोणाचाही डेक बसू शकत होता. कारखानदाराच्या वाड्यात गिऱ्हाइकाच्या हक्काची ती एक खोली होती. त्या खोलीसाठी स्पर्धा लागली. घरगुती कॅसेट डेकसाठी ख्यातकीर्त असलेल्या नाकामिचीने टेपच्या हेडचा कोन आपोआप जुळवणारा ‘टीडी-१२००’ मोटारीसाठी घडवला. पायोनियरने १९८४ साली कारचा सीडी प्लेअर आणला. न्यूयॉर्कमध्ये काचा फोडून डेक पळवण्याचे प्रमाण एवढे वाढले की ‘गाडीत रेडिओ नाही’ अशी पाटी मालक खिडकीत लावू लागले. चोरून दुसऱ्या गाडीत बसवता येते, याचा अर्थच असा की ती वस्तू स्वतंत्र होती. तिला स्वतःचा बाजार होता.

खाच बुजायला सुरुवात झाली तीही याच काळात. बोस आणि जनरल मोटर्स यांनी १९८३च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या मॉडेलांत त्या त्या मोटारीच्या अंतर्भागासाठीच बेतलेली ध्वनियंत्रणा दिली. येथे कारखानदाराची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे : काच, आसने, छत यांचा हिशेब धरून बसवलेले स्पीकर नंतर बसवलेल्या स्पीकरांपेक्षा खरोखरच सरस ठरू शकतात. १९८९मध्ये अवतरलेल्या लेक्ससच्या एलएस ४००मध्ये नाकामिची ही कारखान्यातूनच मिळणारी ऐच्छिक सोय होती. सन्मान मोठा, पण गिऱ्हाईक आता श्रोता उरला नव्हता, मोटारकंपनी झाली होती. २००२ साली नाकामिची दिवाळखोरीत गेली.

पुढे वातानुकूलन, गाडीच्या सेटिंग्ज, मागचा कॅमेरा असे सगळे एकाच पडद्यावर आले. मे २०१८पासून अमेरिकेत नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. असा पडदा काढून आपल्या आवडीचा डेक बसवू म्हटले, तर अर्धी गाडीच बंद पडायची. मोबाइलने कॅसेट आणि सीडी संपवली, हे खरेच. पण स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर तर आजही लागतातच. ते निवडण्याचा अधिकार मात्र आपल्या हातून गेला.

सर्वांत बोलका पुरावा बॉशचा. २००८-०९च्या सुमारास बॉशने ब्लाउपुंक्टचे नाव आणि दुकानांतून होणारा व्यवसाय विकला. मोटारकंपन्यांना थेट पुरवठा करण्याचा व्यवसाय मात्र स्वतःकडे ठेवला. काय जगणार आणि काय मरणार, याचा याहून स्पष्ट अंदाज कोणता? २०१५मध्ये ब्लाउपुंक्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव परवान्यावर फिरत राहिले. २०२१पासून भारतात ते टीव्हीवर दिसते. बेकर १९९५मध्येच हरमनच्या पोटात गेली होती. त्याच हरमनकडे जेबीएल, इन्फिनिटी, मार्क लेव्हिन्सन, आणि २०१५पासून बँग अँड ओलुफसेनचा मोटारींतील व्यवसायही. २०१७मध्ये सॅमसंगने सुमारे ८ अब्ज डॉलरना हरमन घेतली.

ईस्ट इंडिया कंपनी १८३५पर्यंत शाह आलमच्या नावाने रुपये पाडत होती. बादशहा तर १८०६मध्येच वारला होता. नाणी पाहून सत्ता ओळखायची नसते, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. स्पीकरच्या जाळीवरची नावे वाचतानाही तीच सावधगिरी हवी. पुण्यात बनणाऱ्या टाटा हॅरिअरवर जेबीएल लिहिलेले असते. आवाज चांगलाही असेल. पण ते नाव टाटांनी निवडले, आपण नाही. ‘आज तर साध्या गाडीतही उंची ब्रँड मिळतो, मग अस्त कसला?’ असे विचारणारे नाण्यावरचा मजकूर वाचत आहेत.

ज्यांच्या गाडीत ती खाच शाबूत आहे, त्यांच्यासाठी मात्र अजूनही कोणीतरी डेक घडवतो. २०२० साली पोर्शेने आपल्या जुन्या ९११ मोटारींसाठी पडदा असलेला नवा संच काढला. माप तेच, १८० बाय ५०.