नेतृत्व आणि विनय

महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांच्या वेळापत्रकांत हल्लीं एक नवें नांव दिसूं लागलें आहे, आणि त्यामुळें घरोघरचीं वडीलधारीं मंडळी कांहींशी बुचकळ्यांत पडलीं आहेत. गणित समजतें, व्याकरण समजतें. पण ‘नेतृत्व व संघकार्य’ हा काय शिकण्याचा विषय झाला? वर्गांत बसून कोणी पुढारी होतो काय? तोच वेळ परीक्षेच्या अभ्यासास दिला तर चार गुण तरी अधिक पडतील, असें म्हणणारे पालक आम्हांस पुष्कळ भेटतात. मुलगी असली तर आणखी एक शंका निघते: गटाचें काम म्हणून तिनें दुपारभर परक्या मुलांबरोबर गांवांत हिंडावें काय? अशा शंका हंसण्यावारी नेणें बरें नव्हे. त्यांचा नीट विचार केला पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं ‘जीवन कौशल्य’ नांवाचा आठ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आंखला. संभाषण, व्यवसाय, नेतृत्व व व्यवस्थापन आणि मानवी मूल्यें असे त्याचे चार भाग आहेत. परंतु कल्पना त्याहून जुनी आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजीं ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि एखाद्या खेड्यांत सात दिवसांचें शिबिर, हा तिचा नेम. शिबिरांतील धडाच आतां वर्गांत आला आहे.

तो शिकवितात कसा? समजा, आमच्या कोल्हारांतील पांच विद्यार्थ्यांच्या गटाला प्रवरेच्या कांठाची पाहणी करून अहवाल लिहावयाचा आहे. एकानें सूत्रें हातीं घ्यावयाचीं, दुसऱ्यानें टिपणें ठेवावयाचीं, तिसऱ्यानें लोकांस प्रश्न विचारावयाचे. आणि पुढील खेपेस या जागा बदलावयाच्या. वाचतांना हें सोपें वाटतें. प्रत्यक्षांत पहिल्या आठवड्यांतच हुशार विद्यार्थी सारें काम स्वतः ओढून घेतो, दोघे गप्प बसतात आणि एक येतच नाहीं. मग घरीं तक्रार येते, आणि आपण म्हणतों, ‘सोडून दे तो गट.’

हाच सल्ला चुकीचा. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६५ सालीं लहान गटांविषयींचे अनेक अभ्यास ताडून चार अवस्था सांगितल्या: गट जुळणें, त्यांत खटके उडणें, वागण्याचे नियम बसणें, आणि मग काम होणें. दुसरी पायरी गाळून चौथीवर जातां येत नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणारांस हें सांगण्यास अमेरिकन पंडित कशास हवा? नवी सून घरांत आली कीं पहिल्या वर्षीं स्वयंपाकघरांत काय घडतें, तें आपणांस ठाऊकच आहे. खटक्यांतून बाहेर पडण्याची रीत शिकणें, हेंच या वर्गाचें खरें काम.

संस्कृतांतील ‘नी’ म्हणजे नेणें. या एकाच धातूपासून नेता हा शब्द झाला आणि विनय हाही झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें पहिलें अधिकरण विनयाचेंच आहे. आणि तेथें विनय म्हणजे नुसती मान लवविणें नव्हे, तर शिस्तीचें शिक्षण. ज्यानें प्रथम स्वतःस वळण लाविलें, त्यालाच दुसऱ्यास नेण्याचा अधिकार. म्हणून या वर्गांतून मूल मोठ्यानें बोलावयास शिकून आलें, तर तें अर्धेंच शिकलें. दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत थांबावयास शिकलें, तर विद्या अंगीं लागली असें समजावें.

याचें मोठें उदाहरण कोल्हाराजवळच आहे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचें शाळेंतील शिक्षण बेताचेंच. परंतु त्यांनीं १९२३ सालीं गांवांत सहकारी पतपेढी काढली, आणि पुढें साखर कारखान्याचे भाग जमविण्यासाठीं गांवोगांव शेतकऱ्यांचीं दारें ठोठावलीं. १९५० च्या अखेरीस प्रवरेचा सहकारी कारखाना चालूं झाला, तेव्हां अध्यक्षपदीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. एकास आंकडे ठाऊक, दुसऱ्यास शेतकरी ठाऊक. दोघांपैकीं कोणीही ‘मी एकटा पुरेसा आहें’ असें म्हटलें असतें, तर तो कारखाना उभा राहता ना.

आतां मुलींविषयीं. कोठें जाणार, बरोबर कोण, अध्यापकांची देखरेख कशी, हें पालकांनीं अवश्य विचारावें. परंतु उत्तर समाधानकारक मिळाल्यावर तिला अडवूं नये. जी मुलगी पाहणीस जात नाहीं, तिच्याकडे घरीं बसून सुवाच्य अक्षरांत अहवाल लिहिण्याचें काम येतें, आणि गटाचीं सूत्रें तिच्या हातीं कधींच येत नाहींत. उद्यां ती बँकेंत, रुग्णालयांत किंवा शाळेंत अधिकारावर असेल. चारचौघांत आपलें मत मांडण्याचा पहिला प्रसंग तिच्यावर तेथें यावा काय?

शेवटीं घराचें कर्तव्य. वर्गांत जें पेरलें तें घरांत वाळूं नये. आपल्या घरांतून वीस वर्षांच्या मुलाला एकाही गोष्टीचा निर्णय घेऊं देत नाहींत, आणि मग त्याला धाडस नाहीं म्हणून बोल लावतात. त्याला किंवा तिला एक खरें काम सोंपवावें: दिवाळीचा सारा बाजार, आजोबांच्या औषधपाण्याची व्यवस्था, नाहीं तर एखाद्या कार्यांतील पाहुण्यांची उतरण्याची सोय. पैसे, हिशेब आणि निर्णय त्याच्याच हातीं असावेत. चूक झाली तर ती त्यालाच निस्तरूं द्यावी. काकांनीं मध्यें धांवूं नये.

आणि रात्रीं पानावर बसल्यावर ‘किती गुण मिळाले?’ एवढेंच विचारूं नये. ‘आज तुमच्या गटांत कोण बोललें नाहीं, आणि तूं त्याला विचारलेंस का?’ असेंही विचारावें. हा प्रश्न ज्या घरांत रोज विचारला जाईल, त्या घरांतील मुलांना त्या वर्गाचा उपयोग झाल्यावांचून राहणार नाहीं.