विश्लेषण : तिशीतल्या मुरुमांवर ‘मेडिकल’मधली क्रीम हा उपाय का नाही?

मराठीत मुरुमांना ‘तारुण्यपीटिका’ असा भारदस्त शब्द आहे. त्यामुळे विशी ओलांडली की त्या आपोआप जातील, असे गृहीत धरले जाते. गेल्या नाहीत की सल्ले सुरू होतात : पोट साफ होत नसेल, तेलकट खात असशील, लग्न झाले की जातील. हे ऐकून कंटाळलेली व्यक्ती शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एखादी क्रीम आणते आणि तिथेच गडबड होते.

तिशीत मुरुमे का येतात?

त्वचेतील तैलग्रंथी अँड्रोजेन या संप्रेरकांच्या प्रभावाखाली काम करतात. ही संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही असतात. त्यांचे प्रमाण वाढले किंवा ग्रंथी त्यांना जास्त प्रतिसाद देऊ लागल्या, की तेल जास्त पाझरते, रंध्रे तुंबतात, जिवाणू वाढतात आणि सूज येते. स्त्रियांमध्ये अशी मुरुमे बहुधा हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येतात. ती खोल, दुखरी असतात आणि अनेकींना पाळीच्या आधी वाढतात. याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. घासून धुतल्याने त्रास वाढतोच.

तपासणी कधी करावी?

मुरुमे असलेल्या अनेकींच्या रक्त तपासण्या नॉर्मल येतात, त्यामुळे प्रत्येकीला त्यांची गरज नसते. पण सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा डोक्यावरचे केस विरळ होत असतील, तर पीसीओएसची शक्यता तपासायला हवी.

मग क्रीममध्ये वाईट काय?

सगळ्याच क्रीम वाईट नसतात. पण चिठ्ठीशिवाय हातात पडणाऱ्या अनेक मिश्र क्रीममध्ये स्टिरॉइड असते. वेष्टनावर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यापैकी नाव दिसले तर ते स्टिरॉइडच. चार दिवसांत सूज उतरते, रंगही उजळल्यासारखा वाटतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, लालसर पडते, केस वाढतात आणि क्रीम थांबवताच मुरुमे आणखी जोमाने उसळतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर बंधन आणले. तरीही ‘मुरुमांवर काहीतरी द्या’ म्हटले की ट्यूब मिळते. यात दुकानदाराइतकीच जबाबदारी तपासणी करणाऱ्या औषध प्रशासनाची आहे, आणि मैत्रिणीची ट्यूब मागून लावणाऱ्या आपलीही.

योग्य उपचार कोणते?

सौम्य मुरुमांवर ॲडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही लावायची औषधे वापरली जातात. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांचा रंग उडतो, तेव्हा पांढरे वापरा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्या आठवड्यातच कंटाळून औषध सोडतात. नुसत्या अँटिबायोटिक गोळ्या महिनोन्‌महिने घेणे हा उपाय नाही. गरज पडल्यास डॉक्टर स्त्रियांना गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देतात. तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन गुणकारी आहे, पण त्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. ते सुरू असताना आणि थांबवल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते. मूल हवे असेल, तर उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा. ॲडापलीन आणि स्पायरोनोलॅक्टोनही गरोदरपणात टाळतात.

मुरुमे फोडू नका आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम गेल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. सकाळी रांगेत उभे राहावे लागेल हे खरे. पण स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा पूर्ववत करायला अनेक महिने लागतात, त्यापुढे एका सकाळची रांग परवडते. आणि घरातल्यांनी? ‘अजून जात नाहीत का गं?’ हा प्रश्न तेवढा थांबवावा. आरसा तिच्याकडेही आहे.