आदल्या रात्रीचे हिमोग्लोबिन

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात धावपळ सुरू होते. बायोप्सीचा अहवाल, मॅमोग्राफी, सोनोग्राफी किंवा स्कॅन, दुसऱ्या डॉक्टरांचे मत, पैशांची जुळवाजुळव, सरकारी योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर तिची पूर्वमंजुरी. यात तीन-चार आठवडे सहज निघून जातात. आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ फाइल उघडतात तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ असल्याचे ध्यानात येते. मग तारीख पुढे ढकलली जाते, नाहीतर नातेवाइकांना रक्तपेढीकडे पिटाळले जाते. खेदाची बाब अशी की, पुष्कळदा तो आकडा पहिल्या आठवड्यापासून फाइलमध्येच असतो. त्याकडे कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

हा प्रसंग अपवादात्मक नाही आणि तो तसा असण्याचे कारणही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिला रक्तक्षय आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते ५४ टक्क्यांवर गेले. म्हणजे रक्तक्षयाविरुद्ध देशात १९७० पासून कार्यक्रम चालू असताना आणि २०१८ मध्ये ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहीम आली असतानाही ही वाढ झाली. शिवाय पाहणी आणि मोहीम या दोन्हींचे लक्ष प्रजननवयातील स्त्रीकडे. पन्नाशी ओलांडलेली बाई, जिला हा कर्करोग होण्याचा संभव अधिक, ती दोन्हींतून निसटते.

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. साहजिकच अनेक रुग्ण पाळी चालू असलेल्या, अंगावरून जास्त जाण्याचा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्या असतात. गाठ मोठी झाल्यावर रुग्णालय गाठणाऱ्यांना बहुधा आधी केमोथेरपी द्यावी लागते आणि तिच्यामुळे हिमोग्लोबिन आणखी खाली येते.

यावर काही शल्यचिकित्सक म्हणतील, स्तनाच्या शस्त्रक्रियेत रक्त जाते तरी किती? आक्षेप रास्त आहे. नुसती गाठ किंवा स्तन काढताना रक्त देण्याची वेळ क्वचितच येते. पोटाचा भाग घेऊन स्तनाची पुनर्रचना करायची असेल तर गोष्ट वेगळी. परंतु प्रश्न केवळ टेबलावर सांडणाऱ्या रक्ताचा नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, हृदयाव्यतिरिक्तच्या शस्त्रक्रिया झालेल्या सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, सौम्य रक्तक्षय असणाऱ्यांमध्येही महिनाभरातील गुंतागुंत आणि मृत्यू अधिक दिसले. अर्थात रक्तक्षय हे कारण की मूळ दुखणे गंभीर असल्याची खूण, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण शस्त्रक्रियेनंतर या स्त्रीला केमोथेरपी, रेडिओथेरपी सोसायची असते. तिने थकलेल्या शरीरानेच सुरुवात करावी, असा आग्रह कशासाठी?

रक्ताची पिशवी चढवणे हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत वापरला जाणारा मार्ग. शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन १० हवेच, हा दंडक १९४२ सालच्या एका अमेरिकी लेखातून रूढ झाला. १९९९ मधील कॅनडातील अभ्यासानंतर तो मागे पडत गेला. रुग्ण स्थिर असेल, हृदयविकार नसेल, तर आता रक्त देण्याचा विचार साधारणतः ७ ते ८ ग्रॅमच्या खाली केला जातो. एका पिशवीने आकडा जेमतेम एक ग्रॅमने वाढतो आणि ॲलर्जीपासून संसर्गापर्यंतचे धोके, थोडे का होईना, सोबत येतात. कागदावरचा आकडा शोभिवंत करण्यासाठी नातेवाइकांना रक्तदाते शोधत फिरवणे याला उपचार म्हणता येणार नाही.

दुसरा झटपट मार्ग एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांचा. त्याबाबत मात्र सावध राहायलाच हवे. पसरलेल्या स्तन-कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही इंजेक्शने घेणाऱ्या स्त्रियांचे आयुर्मान घटलेले दिसले. २००७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. पुढे, आजार पूर्ण बरा करण्याच्या उद्देशाने केमोथेरपी घेणाऱ्यांना ती देऊ नयेत, असेही बजावण्यात आले.

उरते ते कंटाळवाणे काम : रक्तक्षय कशाने झाला ते शोधणे. बहुतेकींत लोहाची कमतरता असते आणि फेरिटिनच्या तपासणीने ती कळते. शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव असू शकते. सिंधी, लोहाणा, भानुशाली कुटुंबांत थॅलेसेमिया मायनर, पूर्व विदर्भात वा नंदुरबारकडे सिकलसेल लक्षात ठेवावा लागतो. तेथे लोहाची कमतरता नसताना लोह देऊन काही साधत नाही. क्वचित कर्करोगच अस्थिमज्जेत पोहोचलेला असतो, आणि मग शस्त्रक्रियेचाच फेरविचार करावा लागतो.

लोह कमी असेल आणि हाताशी तीन-चार आठवडे असतील, तर शिरेतून दिलेले लोह उपयोगी पडते. गोळ्यांना वेळ लागतो, काहींना त्या सोसत नाहीत, आणि त्यावर लगेच चहा घेतला तर लोह नीट शोषले जात नाही. (बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे जरूर खावेत, पण साडेआठाचे अकरा त्यांनी महिन्याभरात होत नाहीत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी मान्य करावे.) शिरेतले लोह हीही जादू नव्हे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांपूर्वी ते देऊन पाहणाऱ्या २०२० मधील ब्रिटिश चाचणीत हिमोग्लोबिन वाढले, पण रक्त देण्याचे वा मृत्यूचे प्रमाण घटले नाही.

म्हणूनच रक्त वाढेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवत राहणे धोक्याचे आहे. २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या विलंबागणिक मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. नवे आठवडे मागायचे नाहीत. कागदपत्रांत आणि रांगांत जाणारे आठवडेच वापरायचे आहेत.

अडचण औषधांची नाही. शल्यचिकित्सकाचे लक्ष गाठीवर, केमोथेरपी देणाऱ्यांचे मात्रेवर, आणि भूलतज्ज्ञांची भेट शेवटच्या दिवशी. हिमोग्लोबिन नेमके कोणाच्या खात्यात, हे बहुतेक रुग्णालयांत ठरलेलेच नाही. बायोप्सीच्या दिवशीच रक्ताचा नमुना घेऊन त्याच आठवड्यात भूलतज्ज्ञांकडे पाठवण्यास नवे यंत्र लागत नाही की नवा कायदा. तोवर रुग्णाच्या मुलीने वा नवऱ्याने पहिल्या भेटीतच विचारावे : डॉक्टर, हिचे हिमोग्लोबिन किती आहे, आणि ते कमी असेल तर कशामुळे?