सोनेरी ड्रिल आणि हायड्रोजनची बस

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि एनसीएलची हायड्रोजनवर चालणारी देशी बस आली, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी फोटो शेअर केले होते. मीही केला होता. आज अशा बसच्या पोटात काय लागतं त्याबद्दल लिहितोय, कारण तो माझा धंदा आहे.

फ्युएल सेल म्हणजे पातळ प्लेटांची चळत. एक सेल धड एक व्होल्टही देत नाही, म्हणून शेकडो सेल एकावर एक रचायचे. वीज प्रत्येक प्लेटमधून आरपार गेली पाहिजे. स्टेनलेस स्टीलची प्लेट स्वस्त पडते, प्रेसवर काढता येते. पण आत ७०-८० अंश तापमान, ओल आणि आम्ल. स्टेनलेसला वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर वीज अडवतो, आणि तो थर गेला की सुटलेलं लोखंड मेम्ब्रेनची वाट लावतं. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून वर असा सिरॅमिकचा लेप द्यायचा, जो गंजू देत नाही पण वीज जाऊ देतो.

सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी आठवते. पण ड्रिलवरचा तो सोनेरी रंग आहे ना, टायटॅनियम नायट्राइड, तेही वीजवाहक सिरॅमिकच. भोसरी-चाकणच्या कुठल्याही टूलरूमला विचारा.

त्याच जोरावर मी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला प्लेट कोट करून दिली. दिसायला दागिना! आम्लात ठेवली तर काही दिवसांत तपकिरी ठिपके. लेपातली सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं. ड्रिलवर ती चालतात, इथे नाही. चूक माझीच. पण दुरुस्त कशी करायची? प्रत्येक बदल शेकडो तास तपासावा लागतो. बसच्या फ्युएल सेलसाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं अंतिम लक्ष्य २५,००० तासांचं आहे. मी चाचणीसाठी एका संस्थेकडे गेलो, तर चार महिन्यांनंतरची तारीख आणि माझ्या महिन्याच्या पगारपत्रकाएवढं बिल.

आता हिशोब बघा. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी मंजूर झाले. त्यातले १७,४९० कोटी हायड्रोजन उत्पादन आणि इलेक्ट्रोलायझर कारखान्यांच्या प्रोत्साहनाला. संशोधनाला ४०० कोटी. शंभरातले दोन रुपये!

उत्पादनाला पैसे नकोत असं मी म्हणत नाहीये. पण कोटिंगची मशीनं आपल्याकडे आधीच उभी आहेत, ती चालवणारी पोरं आहेत. नाहीये ती परवडणारी चाचणी. एमआयडीसीत एक सामायिक केंद्र काढा, महिनोन् महिने प्लेटा आम्लात बुडवून ठेवा, छोट्या उद्योगाला परवडेल असा दर लावा, आणि नापास झालेल्यांचे आकडेही सगळ्यांना दाखवा. (शेवटचं आमच्या लोकांना आवडणार नाही, माहितेय.)

आमच्या असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत हा अर्ज ठेवतोय. कोटिंगवाले, प्रेसवाले कुणी सही करणार असाल तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि इंजिनिअरिंग कॉलेजात गंजचाचणीचं यंत्र नुसतं धूळ खात पडलं असेल, तर तेही सांगा.