टेम्प्लेटं टाकली, डिटा आला?

‘आमचा एडिटर डिटा सपोर्ट करतो’ ही ओळ फीचर-यादीत घुसवायला फारसे कष्ट पडत नाहीत. डीटीडीच्या, म्हणजे रचनेच्या नियमांच्या, फाइली पॅकेजात कोंबायच्या, ‘न्यू’ मेनूत कॉन्सेप्ट, टास्क, रेफरन्स अशी तीन टेम्प्लेटं चिकटवायची, ‘पब्लिश’ बटणामागे फुकटचं डिटा ओपन टूलकिट जुंपायचं. सेल्सवाला मोकळा. पुण्यात मॅन्युअलं लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हा सपोर्ट पहिल्या कॉनरेफपर्यंतच पुरतो.

डिटा हा तांत्रिक लेखनाचा एक्सएमएल साचा आयबीएममध्ये जन्मला आणि २००५ साली ओएसिसचं प्रमाण झाला. आधीच्या डॉकबुकमध्ये अख्खं पुस्तक एका दस्तऐवजात मावत असे, एडिटरने समोरची फाइल नीट दाखवली की बरंचसं काम भागे. डिटात मजकुराचे तुकडे पडतात आणि अर्थ राहतो तो तुकड्यांच्या नात्यांत. विजेच्या धोक्याची सूचना एकदाच, सामायिक फाइलीत लिहायची. माझ्या टॉपिकमध्ये असतो फक्त तिचा पत्ता, म्हणजे कॉनरेफ. विक्रेत्यांनो, तुमचा एडिटर तिथे रिकामा चौकोन दाखवतो. आत कुठली सूचना आहे, २३० व्होल्टची की बॅटरीची, हे मला पीडीएफ निघाल्यावर कळणार. मग नोटपॅड काय वाईट होतं?

कीरेफची तर दैनाच. २०१० च्या १.२ आवृत्तीपासून पत्त्याऐवजी नुसती की देता येते आणि तिचा अर्थ मॅप, म्हणजे टॉपिक जोडणारी यादी, ठरवतो. एकच टॉपिक दोन मॅपांत गेला, की उत्पादनाचं नाव दोन्हीकडे वेगळं. म्हणजे फाइल उघडताना ‘कोणत्या मॅपमधून?’ हे एडिटरला ठाऊक हवं. १.३ मध्ये स्कोप आले, आता एकाच मॅपच्या दोन फांद्यांत तीच की दोन अर्थांची. आणि हे एडिटर महाशय अजून फाइली एकेकट्या उघडतात.

खरी लबाडी मात्र क्लासमध्ये उघडी पडते. डिटाच्या प्रत्येक घटकाला डीटीडीतून आपसूक एक क्लास मिळतो, त्यात त्याची वंशावळ लिहिलेली असते: टास्कमधला स्टेप हा मुळात टॉपिकमधला लिस्ट-आयटम. डिटाच्या ‘डी’ला डार्विनचं नाव उगाच नाही लावलेलं. घटक ओळखायचा तो या वंशावळीवरून, नावावरून नाही. मग कंपनीने उद्या स्वतःचा स्टेप बनवला तरी एडिटर अडत नाही. पण तुमच्या प्रोग्रामरने स्टाइलशीटमध्ये नावंच घट्ट लिहून ठेवलेली. आमच्या खास स्टेपला ना क्रमांक, ना समास. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘कस्टमायझेशनचं कोटेशन पाठवतो.’ प्रमाणात आधीपासून असलेली गोष्ट मला वेगळ्या बिलावर विकायची!

वर ती हिरवी ‘व्हॅलिड’ टिक. टॉपिकच्या आतल्या घटकांचे आयडी डीटीडीच्या दृष्टीने नुसते टोकन असतात. एकाच टॉपिकमध्ये दोघांना सारखा आयडी दिला तरी पार्सर हूं की चूं करत नाही. कॉनरेफचं लक्ष्य अस्तित्वात आहे का, हेही तो बघत नाही. फाइलीचं नाव बदललं की तिच्याकडे येणारे सगळे दुवे तुटतात आणि टिक हिरवीच राहते. मग प्रकाशनाच्या आदल्या रात्री टूलकिट जावाचा लांबलचक एरर ओकतं आणि सपोर्टवाले म्हणतात, तो प्रश्न आमचा नाही, टूलकिटचा.

हे सगळं करणं अवघड आहे, मान्य. मग यादीत ‘डिटा फाइली उघडतात’ एवढंच छापा, माझी हरकत नाही. खरेदी विभागालाही थोडं सुनावायला हवं: त्यांच्या एक्सेलमध्ये डिटासमोर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच जागा असते, आणि ‘नाही’ लिहिणारा विक्रेता अजून जन्मायचाय.

पुढच्या डेमोला तुमचा तो नमुन्याचा बागकामाचा प्रकल्प नको. मॅप माझा, दोन उत्पादनांचा. त्यातली सामायिक सूचनांची फाइल तुमच्यासमोर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवेन. दुवे टिकले तर किमतीचं बोलू.