वय वाढले, गट बदलला

पंचेचाळिशी पूर्ण झाल्याचा आनंद कुणाला होतो का? मला झाला! मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा एक गट असतो. गेल्या वर्षी मी गटातल्या थोरांत मोडत होतो, आता नव्या गटात धाकटा ठरलो.

नियमही वयाचा मान राखतात. पुरुषांचा ७.२६ किलोचा गोळा पन्नाशीला ६ आणि साठीला ५ किलोचा होतो. धावणाऱ्यांवर स्टार्टिंग ब्लॉकची सक्ती नसते, उभ्याने सुरुवात केली तरी चालते. चंदीगडच्या मान कौर यांनी तर ९३ व्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये ऑकलंडला, १०१ व्या वर्षी, १०० मीटर अंतर ७४ सेकंदांत कापले. त्यांच्या गटात दुसरी स्पर्धकच नव्हती!

'अहो, या वयात कशाला जिवाशी खेळ?' सौ. विचारते. तिची भीती खोटी नाही. माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. म्हणूनच मी आधी हृदयाची तपासणी करून घेतली, मग २०० मीटरसाठी नाव दिले. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आधी वीस मिनिटे सावकाश धावून अंग गरम करतो. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच. या वयात दुखावलेली पोटरी लवकर भरून येत नाही. वाचकहो, तुम्हीही उतरणार असाल तर एवढे पथ्य पाळाच.

पुढचा गट पन्नाशीचा. वडिलांना जे वय गाठता आले नाही, ते गाठून मला त्या गटात धावायचे आहे. नंबर कितवाही येवो.